पेशंटजवळ कोण थांबणार?

ॲडमिशनच्या काउंटरवर हा प्रश्न आला की नवऱ्याची फाइल धरून उभी असलेली सत्तरीतली बाई पटकन म्हणते, "मी आहे ना!" मुलगा परगावी, लेक सासरी. दुसरं कोण थांबणार? मग डिपॉझिट, मेडिक्लेमचे कागद, केमिस्टकडच्या फेऱ्या सुरू होतात. या धावपळीत तिची स्वतःची बीपीची गोळी घरीच राहिलेली असते. केसपेपरवर ती फक्त 'नातेवाईक' असते.

त्या नातेवाइकाचं काय होतं, याचा एक मोठा हिशेब अमेरिकेत मांडला गेला आहे. निकोलस ख्रिस्टाकिस आणि पॉल ॲलिसन यांनी पासष्टीपुढच्या ५,१८,२४० जोडप्यांच्या नऊ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. बायको आतड्याच्या कर्करोगाने दाखल झाली, तर नवऱ्याच्या मृत्यूच्या धोक्यात म्हणण्याजोगा फरक पडत नव्हता. तिचं खुब्याचं हाड मोडलं असेल तर मात्र तो १५ टक्क्यांनी वाढलेला दिसला, स्मृतिभ्रंश असेल तर २२ टक्क्यांनी. नवरा स्मृतिभ्रंशाने दाखल झालेल्या बायकांमध्ये ही वाढ २८ टक्के होती. सगळ्यांत भीती वाटते त्या कर्करोगापेक्षा माणसाला परावलंबी करणारं, त्याची ओळखच पुसणारं दुखणं जोडीदाराला जास्त पोखरतं.

आणि रात्री तर वेगळंच संकट येतं. दिवसभर शहाण्यासारखं बोलणारे आजोबा दोन वाजता उठून बसतात, सलाइनची नळी ओढतात, "अगं, घरी चल, दार उघडं राहिलंय," म्हणतात. तिला वाटतं, यांना वेड लागलं. वयस्कर माणसांना इस्पितळात होणारा हा तात्पुरता भ्रम डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याला डिलिरियम म्हणतात. तिला हे आधी कुणी सांगत नाही, याचा राग यायला हवा.

शेरॉन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या देखभालीत १५ टक्के रुग्णांना असा भ्रम झाला. विशेष काळजी घेतलेल्यांत हे प्रमाण ९.९ टक्क्यांवर आलं. ही काळजी म्हणजे चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, वेळेवर पाणी पाजणं, चालवणं, रात्री शांत झोपू देणं, आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे पुन्हापुन्हा सांगणं. चष्मा कुठल्या पिशवीत आहे, उजव्या कानाला ऐकू येत नाही, कोमट केल्याशिवाय पाणी घशाखाली उतरत नाही, हे वॉर्डात एकाच माणसाला ठाऊक असतं. म्हणजे ती उपचारातच सामील आहे. तिला मात्र पाठ टेकायला धड खुर्ची मिळत नाही, आणि आयसीयूत भेटीची वेळ संपली की बाहेरचा बाक.

सरकारी मदत वाढते आहे, ते चांगलंच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना आयुष्मान भारत योजनेत घेतलं गेलं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, घरात दोघं त्या वयाची असतील तर दोघांत मिळून. पण त्यात खाटेवरच्याचीच सोय आहे, शेजारी बसलेलीची नाही.

डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांच्या वेळा घाईघाईने मुलाला समजावल्या जातात. तो चार दिवसांत परत जाणार असतो. त्या वेळा तिला, तिच्या गतीने, मोठ्या अक्षरांत लिहून समजवाव्यात आणि जाता जाता तिचंही बीपी बघावं. त्यासाठी कुठल्या योजनेची वाट बघायची गरज नाही. राउंडवरच्या सिस्टरला तेवढी पाच मिनिटं मोकळी मिळायला हवीत.