पलासियातील मुक्काम आणि माळव्याचा आवाज

इंदुरास निघालेल्या मराठी माणसाला राजवाडा पाहावयास सांगतात, देवी अहिल्याबाईंचे पुण्यस्मरण करावयास सांगतात, आणि सराफ्यातील खाद्यपदार्थ चुकवू नका असा इशाराही देतात. आम्ही हे सर्व उपदेश शिरोधार्य मानूनच गेलो होतो. आमचा मुक्काम पलासिया भागात, एका परिचित कुटुंबात होता. आग्रा-मुंबई रस्ता या भागातून जातो. त्यावरील वाहनांचा गलबला रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. अशा गलबल्यात एका जुन्या आवाजाची कथा आमच्या कानी पडेल, असे आम्हांस वाटले नव्हते.

यजमानांच्या दिवाणखान्यात फळीवर एक जुना रेडिओ होता. तो बंद पडून कित्येक वर्षे झाली होती. तथापि त्यावर धुळीचा कण नव्हता. आम्ही कौतुकाने पाहत आहोत हे ध्यानी येताच घरातील वृद्ध आजी म्हणाल्या, "फादर, आमच्या गावची बोली मी पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकली, ती याच्यातून."

पलासियाहून रेसिडेन्सीचा परिसर काही लांब नाही. इंग्रजी अमदानीत मध्य हिंदुस्थानातील संस्थानांवर देखरेख ठेवणारा गोरा अधिकारी तेथे राहत असे. त्याच परिसरात मालवा हाऊस येथे आकाशवाणीचे इंदूर केंद्र आहे. ते २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. त्या वेळी इंदूर हे 'मध्य भारत' राज्यात होते. पुढील वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले. ज्या परिसरातून पूर्वी केवळ हुकूम सुटत, तेथून आता खेडुताची गाणी सुटू लागली. काळाचा महिमा म्हणावयाचा तो हाच.

त्या काळी देशाचे नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांच्या हाती होते. ते १९५२ पासून दहा वर्षे त्या पदावर होते. शास्त्रीय संगीताचा त्यांना मोठा अभिमान. चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवर जवळजवळ बंदीच केली. परिणामी श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली. लोकांच्या आवडीवर हुकूम चालत नाही, हा धडा त्यातून मिळाला. परंतु इंदूर केंद्राने लोकांची मने जिंकली ती निराळ्या मार्गाने. त्याने माळवी आणि निमाडी बोलींना जवळ केले. ग्रामीण श्रोत्यांच्या कार्यक्रमातील नंदाजी आणि भेराजी ही दोन पात्रे माळवीत गप्पा मारीत; त्यांच्या बोलण्यातून बी-बियाणे, खते, पाऊसपाणी यांची माहिती शेतकऱ्याच्या घरी पोहोचे. बोलण्याला गाण्याची जोड असे. कबीराची भजने, निमाडातील संत सिंगाजींची पदे, गणगौरीची गीते, आणि पितृपक्षात भिंतीवर शेणाने संजा रेखून मुली म्हणतात ती संजागीते, असे हे धन. आपल्याकडील भोंडल्याची व भुलाबाईची ती जणू मावसबहीणच होय.

आजी सांगत होत्या, "संध्याकाळी निंबाखाली पुरुषमंडळी पंचायतीच्या रेडिओभोवती बसत. आम्ही बायका भिंतीआडून ऐकत असू. शहरात आमच्या बोलण्याला लोक हसत. रेडिओ तसेच बोलू लागला, तेव्हा आमची लाज गेली."

वाचकहो, 'आमची लाज गेली' या तीन शब्दांत त्या केंद्राचा सारा इतिहास आला, असे आम्हांस वाटते. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्म्याच्या आगमनाचे वर्णन आहे. यरुशलेमेत जमलेल्या नाना देशींच्या लोकांना नवल वाटले ते कशाचे? प्रत्येकाला आपापल्या मातृभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू आली, याचे. देव परक्या भाषेचा हट्ट धरीत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आला, आणि १६१६ साली त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ त्याने कोणत्या छंदात रचिला? आपल्या आयाबहिणी जात्यावर ज्या नावाची गीते गात होत्या, त्या ओवीत!

पलासियातून जाणारा हाच रस्ता पुढे देवासला जातो. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन तेथे राहावयास आले. कित्येक वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. त्या सक्तीच्या मौनात त्यांनी खेड्यातील बायाबापड्यांची गाणी ऐकली, टिपून ठेवली, आणि त्यांतून नवे राग घडविले. 'अनूपरागविलास' हा त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. एवढा मोठा गवई अंथरुणावर पडून अनामिक स्त्रियांचा शिष्य झाला. अडाणी म्हणून कोणाचेही गाणे टाकू नये, हा केवढा बोध!

आम्ही आजींना एखादे संजागीत म्हणावयाची विनंती केली. त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि त्या थांबल्या. तिसरी आठवेना. किंचित ओशाळून म्हणाल्या, "रेडिओवर लागत असे ना! मग आम्ही म्हणणेच सोडले. आता तो बंद, आणि मीही बंद."

हे ऐकून आम्ही स्तब्ध झालो. ज्या यंत्राने गाण्याला मान दिला, त्याच यंत्रामुळे गाणारी माणसे ऐकणारी झाली. पुढे काळ आणखी पालटला. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रेडिओ मिर्ची या खासगी कंपनीने आपले पहिले केंद्र सुरू केले, तेही इंदुरातच. आता तर प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये जगातील गाणी आहेत. दोष यंत्राचा नव्हे. आपले गाणे दुसरा कोणी सांभाळील, या आपल्या आळसाचा आहे.

आणि येथे आम्हांस आमचाच अपराध आठवतो. गुरुदीक्षा होऊन थोडाच काळ लोटला होता. वसईतील एका लग्नघरी वृद्ध स्त्रिया आपल्या बोलीतील लग्नगीते गात होत्या. पाहुणे खोळंबले आहेत, ध्वनिक्षेपकावर चांगली गाणी लावा, असे आम्हीच सांगितले. त्या निमूटपणे उठल्या. त्यांत आमच्या मातोश्रीही होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा असे बजावले आहे. सेमिनरीत आम्ही ते शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. मातोश्री आज हयात नाहीत, आणि ती गीते आम्हांस येत नाहीत.

म्हणून आमची धर्मग्रामातील कुटुंबांना एक विनंती आहे. आज सायंप्रार्थना झाल्यावर घरातील आजीला जवळ बसवा. तिला तिच्या लहानपणचे एक गाणे विचारा. फोनमध्ये ते टिपून घ्यावयास हरकत नाही. परंतु तेवढ्यावर थांबू नका. तिच्याबरोबर स्वतः म्हणा, मुलांना म्हणावयास लावा, तिसरी ओळ येईपर्यंत म्हणा.

निघताना आजींनी आम्हांस दारापर्यंत पोहोचविले. आम्ही आशीर्वाद दिला. रिक्षात बसत असता त्यांची नात धावत आली आणि म्हणाली, "फादर, आजीला तिसरी ओळ आठवली!" रस्त्याच्या गोंगाटात ती ओळ आम्हांस नीटशी ऐकू आली नाही. परंतु ती म्हणत होती ती नात, आजी नव्हे. एवढे मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिले.