शीग

साबणाची वडी पूर्वीसारखी हातात भरत नाही, अशी शंका आम्हांला बरेच दिवस येत होती. वेष्टन तेच, सुगंध तोच, किंमतही तीच. अखेर एका रविवारी कपाटाच्या तळाशी अंथरलेले जुने वेष्टन काढून नव्याशी ताडून पाहिले. पंचवीस ग्रॅम साबण आमच्या अंगाला लागण्यापूर्वीच विरघळून गेला होता! हिशेबातली चूक सापडली की कारकुनाला जो आनंद होतो, तो आम्हांला झाला. सौभाग्यवतींना मात्र त्या आनंदात भाग घ्यावासा वाटला नाही.

दुधाचे निराळे. बंगळुरात ते कमीजास्त होते ते जाहीरपणे. मार्च 2023 मध्ये 'नंदिनी'च्या पूर्ण मलईच्या दुधाच्या 50 रुपयांच्या पिशवीत लिटराऐवजी 900 मिलिलिटर दूध येऊ लागले. जून 2024 मध्ये पिशवीत 50 मिलिलिटर दूध वाढले आणि 2 रुपयेही वाढले. 1 एप्रिल 2025 ला ते वाढीव दूध परत गेले व लिटरमागे 4 रुपये चढले. वाढीचा पैसा शेतकऱ्याला मिळणार, असे सांगण्यात आले. तेव्हा कुरकुरण्याचीही सोय उरली नाही.

पूर्वी चहा, बिस्किटे, साबण अशा काही जिनसा ठरावीक वजनांतच बांधाव्या लागत. ते बंधन 2022 मध्ये गेले आणि त्याऐवजी वेष्टनावर ग्रॅमचा भाव छापणे आले. अक्षरे मुंगीच्या पावलाएवढी असतात, पण असतात.

आमच्या आजोळी, मिरजेजवळच्या खेड्यात, धान्य पायलीने मापीत. माप काठोकाठ भरले तरी मापणाऱ्याचा हात थांबत नसे. दाणे आपोआप ओघळू लागेपर्यंत तो ओतीत राही. मापावर उभ्या राहिलेल्या त्या शिखराला शीग म्हणत. आपली उत्सुकता शिगेला पोचते, ती हीच शीग. ती हिशेबात धरीत नसत, आणि ती नसेल तर मापही खरे मानीत नसत.

2025 च्या दिवाळीत आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा हे सारे पुराण आम्ही तिला चहाच्या वेळी ऐकवीत होतो. ती दूध तापवीत होती. सहज म्हणाली, "मी हल्ली पाव लिटरच घेते. एकटीला पुरतं रे."

पूर्वी ती अर्धा लिटर घेत असे, आणि तेव्हाही ती एकटीच होती.

2019 च्या अखेरीस आमची बदली येथे झाली. त्या महिन्यापासून दर एक तारखेला आम्ही तिला 5000 रुपये पाठवितो. एकही तारीख चुकली नाही, ह्याचा आम्हांला अभिमान होता. त्या वेळी आमचा महागाई भत्ता 17 टक्के होता. त्या दिवाळीत तो 58 टक्के झालेला होता. मधली दीड वर्षे भत्ता गोठविला गेला, तेव्हा आम्ही कचेरीत केवढा त्रागा केला होता! आईच्या रकमेचा आकडा मात्र तोच राहिला. तिच्याकडे जुने वेष्टन ताडून पाहण्याची रीत नाही.

"आई, पुढल्या महिन्यापासून थोडे वाढवून पाठवितो," आम्ही म्हणालो.

"कशाला? ठरलेला आकडा बरा असतो. लक्षात राहतो," ती म्हणाली आणि तांदळाच्या डब्याकडे वळली. आम्ही पाहत उभे राहिलो. फुलपात्र काठोकाठ भरले, तरी तिचा हात थांबला नाही.