पंख्याखालचं ‘नाही’

भाची आमच्या पॉडकास्टचे २०२० सालचे भाग नव्याने साफ करतेय. पहिली कात्री तिने पंख्याच्या घरघरीला लावली आणि तिथेच आमचं बिनसलं.

वयाने माझ्या कानांतलं वरच्या पट्टीतलं नेलं. ‘स’, ‘श’ फिकट झालेत, रेकॉर्डिंगमधली बारीक सळसळ तर येतच नाही. पंखा खालच्या पट्टीतला, तो शाबूत. भांडायला तेवढाच मुद्दा उरलाय.

आम्ही तंजावरी मराठी, एकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत आलेल्यांचे वंशज. घरं मद्रासेत टी. नगर, पश्चिम मांबलम अशी विखुरलेली. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली, मेमध्ये कोयंबेडू बाजारातून कोरोनाची साथ फैलावली, १९ ते ३० जून पुन्हा कडक बंदी. म्हाताऱ्यांचे आवाज जमवून मी दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर पॉडकास्ट पाठवत असे.

एरवी मांबलम स्टेशनच्या दोन लोकलमधल्या फटीत रेकॉर्ड करायचं. लोकल थांबल्या, रंगनाथन स्ट्रीट ओस पडली, आणि त्या शांततेत पंखा उघडा पडला. मद्रासच्या मे महिन्यात तो बंद करायला सांगितला की आमच्या म्हाताऱ्यांतली आक्का दोन वाक्यांत आटोपतं घ्यायची. चालू ठेवला की नॉइज गेट लावा, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज तोडणारी चाळण. आणि गेट वाक्यांची शेपटं खातं.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी, आणि म्हाताऱ्या माणसाचा दम संपतो नेमका तिथेच. ‘यांना ताप नाही’ मधलं ‘नाही’ पंख्याइतकंच हळू. गेट दोन्ही गिळून टाकी. उरे ‘यांना ताप’. साथीच्या दिवसांत! पंख्याचा नमुना घेऊन तो वजा करावा, तर व्होल्टेज हले, पंख्याचा वेग बदले, नमुना जुळेना. माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटे. शेवटी प्रत्येक शेपूट मी हाताने उचलून मोठं करू लागलो, पंख्यासकट. भाचीचं नवं सॉफ्टवेअर पंखा सफाईने काढतं म्हणे. काढत असेल. शेपटांवर माझा पहारा आहे.

आताचे पॉडकास्टवाले दोन खुर्च्या मांडतात, तोंडापुढे जाडजूड माइक, समोर कॅमेरा. ते ऐकायचं की पाहायचं? तंजावरच्या मराठी कीर्तनकारांनी तमिळ हरिकथेला वळण दिलं, ते विनामाइक. शेवटचा शब्द मागच्या ओळीपर्यंत पोचवणं हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

आमच्या धंद्याचाही फार गवगवा नको. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळात वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले. पॉडकास्ट कोणाच्या कामाचा? २०१५ च्या पुरातही तेच. पाणी दारात असताना बॅटरीवरचा रेडिओच खरा. पॉडकास्ट कामाला येतो तो घरात बसून वाट पाहायच्या संकटात.

आणि तशा संकटाची मला चटक लागली होती. ऐकल्याच्या निळ्या खुणा मी रात्री उठून व्हॉट्सॲपवर मोजायचो. बंदी उठणार म्हटल्यावर सगळे सुखावले. माझ्या मनात आलं, आता मला कोण ऐकणार?

परवा भाचीने आक्काच्या बोलण्यामधले माझे ‘हं, हं’ काढून टाकले. मी एकेक परत बसवले. कशाला, असं तिने विचारलं. म्हटलं, बोलणाऱ्याला आधार असतो त्याचा. आक्काचं बोलून होऊन सहा वर्षं होत आली, हे तिने ऐकवलं नाही. ‘हं’ म्हणाली फक्त.