पासाविना प्रवास

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. राजधानी भोपाळ असली, तरी दुखलेखुपले की आमची वाट नागपूरची. पांढुर्ण्याहून नागपूरला रोज अप-डाउन करणारी मंडळी रेल्वेचा मासिक पास काढतात. त्या पासामागे एक शहाणपण आहे : जो वरचेवर येतो-जातो, त्यास दर खेपेला कमी पडावे.

विमानाच्या व्यवहारात हे शहाणपण फारसे रुजलेले नाही, याचा अनुभव आम्ही घेत आहोत. आमचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. त्याच्या आईला नागपूरच्या इस्पितळात दर एकवीस दिवसांनी कर्करोगावरील औषध शिरेवाटे देतात. त्या दिवशी मुलगा उशाशी असला, की तिला धीर येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडीही नागपूर-पुणे अंतरास सुमारे बारा तास घेते. विमान सव्वा-दीड तासात पोचवते. रजा मोजकी, म्हणून विमान.

विमानभाड्याला रेल्वेसारखे ठरीव कोष्टक नसते. एकाच विमानातील आसने निरनिराळ्या दरांच्या गटांत वाटलेली असतात. स्वस्त गट बहुधा आधी संपतो. उशिरा येणाऱ्यास महाग गट उरतो. म्हणून आम्ही उपचारांच्या तारखा दिनदर्शिकेवर मांडून तिकिटे आगाऊ काढू लागलो. येणे विमानाने व परतणे रात्रीच्या गाडीने, अशी वाटणी केली. डॉक्टरांना विनवून शनिवारऐवजी बुधवार मागून घेतला. खर्च बराच आटोक्यात आला.

मात्र एकदा रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी भरल्या आणि उपचार आठवडाभर पुढे गेला. स्वस्त तिकिटाचे मूळ भाडे बुडाले. तरी वाचकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : तिकीट परतावा नसलेले असले, तरी त्यातील कर आणि विमानतळाचे शुल्क नियमानुसार परत मिळते. पुष्कळ लोक ते मागतच नाहीत. आम्ही मागितले, मिळाले. तेव्हापासून थोडे अधिक देऊन तारीख बदलता येणारे तिकीट घेतो.

कंपन्या मधूनमधून अनेक फेऱ्या एकदम आगाऊ विकतात. त्यात लाभ असतो, तशी जोखीमही. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमाने थांबली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्यांचे पैसे अडकले.

शासनाने मनात आणल्यास भाड्याला वेसण घालता येते, हेही दिसले आहे. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात भाड्याची किमान व कमाल मर्यादा सरकारने ठरवली होती. एप्रिल २०१७ मध्ये ज्या 'उडान' योजनेची पहिली विमाने निघाली, तिच्यात सुमारे तासाभराच्या प्रवासाच्या निम्म्या आसनांना अडीच हजारांची मर्यादा होती. त्याच योजनेतून एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहून मुंबईचे विमान सुरू झाले. पांढुर्ण्याच्या माणसाला वरूड-मोर्शीवरून अमरावती काही परकी नाही. परंतु नागपूर-पुण्यासारख्या भरगच्च मार्गावरील नित्याच्या प्रवाशाला या योजनेचा आधार नाही.

स्वस्त तिकीट त्याला मिळते, ज्याला आपला पुढचा महिना ठाऊक असतो. व्यापाऱ्याला तो ठाऊक असतो, सहलीला निघालेल्यालाही असतो. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला मात्र उद्याचा दिवसही पुरता ठाऊक नसतो. आणि नेमका तोच सर्वांत महाग भाडे भरतो. रेल्वे आजारी माणसाला व त्याच्या सोबत्याला भाड्यात सवलत देते. तीच माणुसकी विमानाच्या तिकिटातही यावी : उपचाराचा कागद दाखवला, की तारीख बदलण्याचे पैसे पडू नयेत. आमचे एवढेच मागणे आहे. पाच महिन्यांत मुलाच्या सात फेऱ्या झाल्या, आणि सातही वेळा त्याची आई हसून घरी आली. त्या हसण्याची किंमत कोणत्याही दरपत्रकात बसत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घराला ती भरणेच परवडत नाही, त्या घरासाठी हे लिहिले.