खाड्यांची वही

वसई पूर्वेला वालीवच्या एका लहानशा कारखान्यात मी बावीस वर्षे हिशेबनीस होते. हजेरीपुस्तक माझ्याकडे असे. कोण आले, कोण आले नाही, कोणाची रजा पगारी, कोणाची बिनपगारी, हे सारे निळ्या आणि लाल शाईत मांडायचे. माणूस कामावर आला नाही की त्याच्या नावापुढे खाडा पडतो. खाड्यामागे ताप असतो, बाळंतपण असते, मयत असते, कधी नुसता कंटाळाही असतो. वहीला ते कळत नाही. मलाही त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते, हे आज कबूल करते.

माझे यजमान सुतार. वडिलांकडून आलेला धंदा, घरामागच्या पडवीत दुकान, हाताखाली एक मुलगा. सागवानी दारे, खिडक्या, पाळणे, चर्चमधली बाके आणि अधूनमधून शवपेट्या. शवपेटीचा निरोप बहुधा रात्री येई आणि ती सकाळपर्यंत लागे. तिचा आगाऊ पैसा त्यांनी कधी मागितला नाही. दुःखातल्या माणसाशी व्यवहार बोलायचा नसतो, असे सासऱ्यांनी शिकवले होते. त्यातले काही पैसे पुढे आले, काही आलेच नाहीत. हिशेबनिसाच्या घरात हे चालत असे.

२०१२ च्या नाताळाआधी त्यांची पाठ दुखू लागली. नाताळ म्हणजे सुतारकामाची घाई. लग्नांचाही हंगाम तोच. रंधा मारताना ते मध्येच थांबत आणि भिंतीला टेकत. रात्री घाम येई, जेवण तुटले. आम्ही तेल चोळले, शेक दिला, पट्टा आणला. १४ जानेवारी २०१३, सोमवार. त्या दिवशी ते उठून बसू शकले नाहीत. पुढे तपासण्या होऊन निदान झाले ते मणक्याच्या क्षयाचे. क्षय म्हणजे खोकला, एवढेच आम्हांला ठाऊक. तो हाडात शिरतो, मणका पोखरतो, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. औषधे वर्षभर, कदाचित अधिक. सुरुवातीचे काही महिने पाठीला पट्टा आणि अंथरूण. वाकायचे नाही, उचलायचे नाही.

न वाकणारा, न उचलणारा सुतार कसा असतो?

माझ्या पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे आपण जिला ईएसआय म्हणतो तिची वर्गणी कापली जाई. पगार ९,००० रुपये. त्या वेळी कामगाराचा वाटा पावणेदोन टक्के, म्हणजे महिन्याला १५८ रुपये. मालकाचा पावणेपाच टक्के. (२०१९ च्या जुलैपासून हे दर पाऊण आणि सव्वातीन टक्के झाले.) कापताना ते १५८ रुपये मला अनेकदा खटकत, कारण आमच्या घरात कोणी फारसे आजारी पडत नसे. आता त्याच कार्डाने यजमानांच्या तपासण्या झाल्या, पुढच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. विमेदार स्त्रीचा नवरा तिच्या कुटुंबात धरला जातो, म्हणून उपचार त्यांनाही लागू. क्षयाच्या गोळ्या तर सरकारी केंद्रात सर्वांनाच मोफत. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आठवड्यातून तीन दिवस, देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घ्यायच्या. औषधपाण्याची चिंता बऱ्याच अंशी मिटली. त्याबद्दल त्या १५८ रुपयांची क्षमा मागावी असे वाटले.

पण औषधाबरोबर भातही लागतो. दुकानाची मिळकत दिवसाला सरासरी पाचशे रुपये होती, ती शून्यावर आली. माझा असा समज, की मी विमेदार, नवरा माझ्या कुटुंबात, तर त्यांच्या बुडालेल्या मजुरीचाही काही भाग मिळत असणार. कारखान्यातल्या कामगारांचे असे अर्ज मी स्वतः भरून दिले होते. मग एका शनिवारी अर्ज भरला, त्यांचे नाव घातले, माझा विमा क्रमांक घातला आणि शाखा कार्यालयात जाऊन उभी राहिले.

खिडकीतल्या बाई वयस्क होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "बाई, आजारी कोण? तुम्ही की मिस्टर?"

"मिस्टर."

"नोकरी कुठे करतात?"

"स्वतःचा धंदा आहे. सुतारकाम."

त्यांनी अर्ज हलकेच माझ्याकडे सरकवला. आजारपणाचा रोख लाभ विमेदाराच्या स्वतःच्या आजारालाच मिळतो. कुटुंबाला औषध मिळते, मजुरी नाही. मागे रांग होती, तरी त्यांनी मला बाजूच्या बाकावर बसवले आणि रांग सरल्यावर सगळे समजावून सांगितले. कामगार आजारी पडला, आधीच्या सहामाहीत त्याची निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के. पहिले दोन दिवस सोडून. शिवाय दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्यांपैकी आजार असेल आणि नोकरीला दोन वर्षे झाली असतील, तर पुढे ८० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत.

"त्या यादीत क्षय आहे?" मी विचारले.

"आहे ना."

म्हणजे हाच जंतू माझ्या मणक्यात शिरला असता तर घरी पैसे आले असते. मी रिक्षाने न जाता चालत घरी आले.

पुढे मी या योजनेचा इतिहास वाचला. हिशेबनिसाला मुळापर्यंत जाण्याची खोड असते. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगारांसाठी आजारपणाचा विमा कायद्याने सुरू झाला. आपल्याकडे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, त्यावरून १९४८ चा कायदा झाला आणि १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कारखान्यापासून आरंभ करणे समजण्यासारखे आहे. तेथे हजेरीपुस्तक असते, पगारपत्रक असते, वर्गणी कापणारा हात असतो आणि मनुष्य आला नाही हे सांगणारा तिसरा कोणी असतो. ब्रिटनमध्ये बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालानंतर जी व्यवस्था १९४८ मध्ये आली, तिने स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही आजारपणाच्या भत्त्यात घेतले. बेकारीच्या भत्त्यात मात्र नाही. म्हणजे हे अशक्य नव्हते.

अवघड मात्र आहे, हे मला पडवीतल्या दुकानाने शिकवले. नोकरदार आजारी पडला की त्याचा पगार थांबतो. धंदेवाला आजारी पडला की मिळकत थांबते आणि खर्च उठून बसतो. तीन गिऱ्हाइकांची उचल आमच्याकडे होती. लाकूड आणून ठेवलेले, पैसा त्यात अडकलेला. हाताखालच्या मुलाला किती दिवस बसवून पगार द्यायचा? आणि यजमान खरोखर बेकार होते काय? अंथरुणात पडल्या पडल्या ते फोनवर दाराची मापे सांगत, त्या मुलाला हाका मारून पटाशी कशी धरायची ते शिकवीत. मी संध्याकाळी कारखान्यातून येऊन बिले लिही. त्या दिवसाला खाडा म्हणावे की हजेरी? माझ्यासारख्या बाईने जर सरकारी खिडकीत बसून असा अर्ज पाहिला असता, तर तिने शंका घेतलीच असती.

मार्च उजाडला. माझ्या रजा संपल्या होत्या. सासूबाईंना ऐंशी वर्षे झालेली. त्यांना उचलणे, कुशीवर वळवणे जमेना. त्यातच गोळ्यांनी यजमानांना उलट्या सुरू झाल्या. कारखान्यातली एक मैत्रीण म्हणाली, "तू स्वतःच आजारी पड ना. एवढी वर्षे वर्गणी भरलीस, कधी एक दिवस तरी घेतलास?" ती वाईट नव्हती. तिने माझ्याकडे बघून जे सुचले ते सांगितले.

११ मार्चला मी दवाखान्यात गेले. कोणता ते सांगत नाही. तिथल्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांनी विचारले, "काय होतंय?"

मी म्हणाले, "पाठ दुखते." आणि मग माझ्या तोंडून यजमानांचे दुखणे जसेच्या तसे बाहेर पडू लागले. कुठून सुरू होते, कोणत्या कुशीवर झोपले की वाढते, पहाटे कसे जखडते. दोन महिने रात्रंदिवस ऐकलेले, त्यामुळे अडखळले नाही. सांगता सांगता माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते खरे होते. डॉक्टरांनी आठवडाभराची विश्रांती लिहिली; पुढे आणखी दोन दिवस वाढवली. ११ ते १९ मार्च, नऊ दिवस. पहिले दोन वगळून सात. माझा दिवस ३०० रुपयांचा धरला, त्याचे ७० टक्के २१०. एकूण १,४७० रुपये.

त्या नऊ दिवसांत घराची घडी बसली, हे नाकारणार नाही. यजमानांच्या उलट्या आटोक्यात आल्या. शेवटचा दिवस संत योसेफाच्या सणाचा होता. त्याच दिवशी रोममध्ये पोप फ्रान्सिस यांच्या कार्यारंभाचा मिस्सा झाला. आम्ही तो दूरदर्शनसंचावर पाहिला, यजमानांचा पलंग वळवून. मिस्सा संपल्यावर मी त्यांना रजेची खरी हकीकत सांगितली. तोपर्यंत त्यांना वाटत होते की मालकाने सवलत दिली.

ते बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझं दुखणं तू तुझ्या नावावर लिहिलंस."

"अहो, तुमच्या नावावर लिहायला जागाच नव्हती."

"ते कळतंय गं. पण उद्या कोणी खरंच पाठ धरून तिथं उभा राहिला, तर त्याच्याकडे ते संशयानं बघतील."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपे गेले असते. पैसे आले तेव्हा ते त्यांनी हाताखालच्या मुलाच्या थकलेल्या पगारात द्यायला लावले. परत करावेत असा विचार दोघांच्याही मनात आला; परंतु परत करायचे म्हणजे कबुली लिहून द्यायची आणि घरातली एकमेव नोकरी धोक्यात घालायची. आम्ही गप्प बसलो. पुढे पापनिवेदनात मी हे सांगितले. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आम्ही तगलो ते उसनवारीवर, थोड्या कर्जावर, आणि ज्यांच्याकडे मागे शवपेट्यांचे पैसे राहिले होते त्यांच्यातल्या दोघांवर. ते आपण होऊन आले. एकाने अकरा वर्षांपूर्वीचा हिशेब आणला. ३ मार्च २०१४ ला यजमान पुन्हा दुकानात उभे राहिले.

तेव्हापासून काळ हलला आहे. २०१८ च्या एप्रिलपासून क्षयरोग्याला उपचार चालू असेपर्यंत सकस आहारासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० झाले. रुग्णालयाच्या खर्चासाठी सरकारी योजना आल्या. वर्षाला वीस रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, पण तो अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाचा. विमा कंपन्यांच्या व्यक्तिगत अपघात विम्यात अंथरुणावर पडलेल्या आठवड्यांची भरपाई घेता येते, साधारणपणे विमारकमेच्या एक टक्का दर आठवड्याला. मात्र त्यासाठी शिडीवरून पडावे लागते, मणक्यात जंतू शिरून चालत नाही. असंघटित कामगारांच्या २००८ च्या कायद्यात स्वयंरोजगार करणारा हा शब्द होता. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आली. असंघटित कामगारांना राज्य विम्याचे लाभ देणारी योजना सरकारला आखता येईल, अशी सोय तिच्यात आहे. ती आली तर पडवीतल्या सुताराची हजेरी कोण घेणार, एवढेच मला पाहायचे आहे.

कारण त्यांची हजेरी मी घेतली होती. आजारपणाच्या पहिल्या आठवड्यात, सवयीने, मुलीच्या जुन्या वहीत रकाने आखले आणि रोज रात्री एक लाल खूण केली. १४ जानेवारी २०१३ ते २ मार्च २०१४. एकोणसाठ आठवडे, रविवार वगळून ३५४ खाडे. पाचशेने गुणले तर १,७७,००० रुपये. परवा कपाट आवरताना ती वही यजमानांच्या हाती लागली. चष्मा लावून त्यांनी पाने उलटली, मार्चपाशी थांबले आणि कानावरची सुतारी पेन्सिल काढून ११ ते १९ या तारखांपुढे बारीक अक्षरांत माझे नाव लिहिले. मग वही मिटून, दुकानात दारू प्यालेल्या करवतीला धार लावायची आहे, असे काहीसे थट्टेत पुटपुटत पडवीत गेले.