पाण्यावरची धाव

बेळगाव शहराच्या उत्तरेस कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द अशी दोन गावे आहेत. त्यांच्या शिवारातून मार्कंडेय नदी वाहते. चैत्र-वैशाखात ही नदी इतकी रोडावते की, गुरे पाण्यात उतरली तरी त्यांचे गुडघे भिजत नाहीत. आषाढ-श्रावणात मात्र ती काठ सोडून भातखाचरांत शिरते आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याची रोपे बुडवून टाकते. अशा नदीच्या काठी बसून मोटारबोटींच्या शर्यतीविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु पाण्याचे नातेगोते फार दूरवर पोहोचलेले असते. राकसकोपच्या जलाशयातून बेळगावची तहान भागवून उरलेले मार्कंडेयाचे पाणी कंग्राळी, काकती मागे टाकून पूर्वेस जाते. गोडचिनमलकी येथे कड्यावरून दोन टप्प्यांत उडी घेते. गोकाकच्या परिसरात घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा पुढे कृष्णामाईच्या स्वाधीन होते. तीच कृष्णा धरणामागून धरणे ओलांडीत आंध्र प्रदेशात विजयवाड्याला पोहोचते. जगातील अत्यंत वेगवान मोटारबोटी ज्या पाण्यावर धावल्या, ते पाणी आमच्या नदीच्या सोयरिकीतले आहे.

२०१९ च्या फेब्रुवारीत गुणदला मातेच्या सणासाठी आम्ही विजयवाड्यास गेलो होतो. फादर पाओलो आर्लाती या इटालियन धर्मगुरूंनी १९२४ साली तेथील टेकडीवर लूर्द मातेचा पुतळा स्थापन केला. तेव्हापासून दर वर्षी ११ फेब्रुवारीच्या सणाला तेथे यात्रेकरूंचा महापूर लोटतो. डोंगराच्या पायथ्याशी मिस्सा ऐकून, क्रुसापर्यंतची चढण चढून, मातेच्या चरणी मेणबत्ती लावून आम्ही दुसऱ्या दिवशी कृष्णेचे दर्शन घेण्यास निघालो. १९५७ साली पूर्ण झालेल्या प्रकाशम बंधाऱ्यावरून वरच्या अंगास पाहिले, तर नदी कसली, सरोवरच ते! मध्यभागी भवानी बेट हिरवेगार पसरलेले, एका बाजूस कनकदुर्गेच्या मंदिराची टेकडी, आणि पाणी आरशासारखे निश्चल. कंग्राळीच्या माणसाला एवढे शांत आणि एवढे विस्तीर्ण पाणी पाहण्याची सवय नसते. आम्ही बराच वेळ मुकाट्याने उभे होतो.

अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, १६ ते १८ नोव्हेंबर २०१८ या तीन दिवसांत, याच पाण्यावर फॉर्म्युला वन या जागतिक मोटारबोट स्पर्धेची भारतातील फेरी झाली होती. घाटावरच्या लोकांच्या तोंडी तिच्या गोष्टी अजून ताज्या होत्या. गडगडाट आधी ऐकू येई आणि बोट नंतर दिसे, असे कोणी सांगे. तर कोणी हाताच्या तळव्याने, बोट वळणावर कशी कलते ते दाखवी.

या बोटीची रचना समजून घेण्याजोगी आहे. तिला दोन बाजूंना दोन निमुळत्या नावांसारखे तळ असतात आणि त्यांच्यामध्ये बोगद्यासारखी पोकळी असते. वेग वाढला की, समोरची हवा त्या पोकळीत कोंडून बोटीला वर उचलते. मग पाण्याला तिचा स्पर्श नावापुरताच उरतो. ती पाण्यावर पोहत नाही, पाण्याला चाटून उडते. तिचे वजन चारशे किलोच्या आसपास आणि मागे सुमारे चारशे अश्वशक्तीचे यंत्र! त्यामुळे ती ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जाते. तिला ब्रेक नाहीत. हवा किंचित जास्त झाली तर ती पतंगासारखी उलटी फिरते आणि हवा कमी पडली तर नाक पाण्यात खुपसते. या दोहोंच्या मधली जी केसाएवढी वाट, ती चालकाने हाताच्या आणि पायाच्या जाणिवेवर राखावयाची असते.

मुंबईकरांनी असाच देखावा आणखी दीड वर्षापूर्वी पाहिला होता. ३ ते ५ मार्च २०१७ रोजी मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रात पी-वन बोटींच्या शर्यती झाल्या. त्या बोटी निराळ्या जातीच्या, समुद्राच्या लाटा फोडणाऱ्या होत्या आणि प्रत्येकीत दोन माणसे बसत. कठड्यावर पाय सोडून बसलेल्या लोकांना ती मौज फुकट पाहावयास मिळाली.

ही मौज काही आजची नव्हे. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मोटारबोटींच्या शर्यतींचा समावेश होता. साउथॅम्प्टनच्या खाडीत त्या वेळी एवढे वादळ होते की, तिन्ही शर्यतींत शेवटपर्यंत पोहोचणारी बोट प्रत्येकी एकच निघाली. पुन्हा म्हणून ऑलिंपिकने या शर्यतीचे नाव काढले नाही. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, नॉर्वेतून अमेरिकेस गेलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने होडीच्या मागे अडकविण्याचे सुटे इंजिन विक्रीस आणले. आपल्या वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणावयास तो वल्हे मारीत गेला आणि परत येईतो ते वितळून गेले. त्या हळहळीतून या इंजिनाचा जन्म झाला, अशी आख्यायिका सांगतात. खरेखोटे काहीही असो, आज कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर लहान होड्यांच्या पाठीमागे जे यंत्र घरघरते, ते त्याच वंशातले.

त्यानंतरची दशके विक्रमांची. त्या आठवणी चाळू लागलो की, मन आनंदाइतकेच दुःखाने भरून येते. १३ जून १९३० रोजी इंग्लंडमधील विंडरमियर सरोवरावर सर हेन्री सेग्रेव्ह यांनी ताशी सुमारे १५९ किलोमीटरचा विक्रम केला आणि लगेचच्या फेरीत त्यांची बोट उलटली. विक्रम झाला की नाही, एवढे मरणापूर्वी त्यांनी विचारून घेतले, असे सांगतात. १९५२ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या लॉख नेसवर जॉन कॉब यांच्या बोटीच्या ठिकऱ्या उडाल्या. १९९० च्या ऑक्टोबरात मोनॅकोजवळच्या समुद्रात राजकन्या कॅरोलिन यांचे पती स्तेफानो काझिरागी जगज्जेतेपद राखण्यासाठी उतरले आणि परत आले नाहीत. मागे तीन लहान लेकरे राहिली.

परंतु सर्वांत जास्त हुरहुर लावते ती डोनाल्ड कॅम्पबेल यांची कहाणी. वडील सर माल्कम हे जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या वेगाचे गाजलेले विक्रमवीर. मुलानेही तीच वाट धरली. १९५५ साली ब्ल्यूबर्ड नावाच्या जेट बोटीतून त्याने प्रथमच पाण्यावर ताशी दोनशे मैलांची मर्यादा ओलांडली. १९६४ च्या अखेरच्या दिवशी ऑस्ट्रेलियात तो विक्रम २७६ मैलांवर नेला. पण तीनशेचा आकडा त्याला खुणावीत राहिला. ४ जानेवारी १९६७ रोजी सकाळी कॉनिस्टन सरोवरावर त्याने पहिली फेरी जवळजवळ तीनशे मैलांच्या वेगाने पूर्ण केली. विक्रम मान्य होण्यास उलट दिशेची फेरीही करावी लागते. तो लागलीच परत फिरला. अंतिम खूण थोडक्यात राहिली असता ब्ल्यूबर्डने नाक वर केले, ती हवेत गिरकी घेऊन पाण्यावर आदळली आणि बुडाली.

चौतीस वर्षे त्याचा देह त्या थंड पाण्यात होता. २००१ च्या मे महिन्यात पाणबुड्यांनी तो वर काढला, तेव्हा त्याच्यासोबत संत क्रिस्तोफर यांचे एक पदक सापडले. १९४० च्या नोव्हेंबरात बापाने लेकाला दिलेले ते पदक. त्यावर तशी अक्षरेही कोरलेली होती. इतक्या वर्षांनी, इतक्या गाळाखालून, बापाचा आशीर्वाद तेवढा वाचता येण्याजोगा राहिला होता! त्या वर्षीच्या सप्टेंबरात कॉनिस्टनच्या गावात त्याचा अंत्यविधी झाला.

आपल्या घरांतही हे पदक अपरिचित नाही. मुलगा परगावी नोकरीस निघाला की आई ते त्याच्या गळ्यात घालते. नवी मोटारसायकल आली की धर्मगुरूंकडून तिला आशीर्वाद घेऊन तिच्या किल्लीला ते लावले जाते. संत क्रिस्तोफर यांची परंपरागत कथाही सर्वांस ठाऊक आहे. धिप्पाड देहाचा हा मनुष्य वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदीपार नेत असे आणि एके रात्री त्याने एका बालकाला उचलले, तो प्रत्यक्ष बाळ येशू निघाला. या कथेतील एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानातून निसटते. क्रिस्तोफर यांच्या हातात काठी होती. पाणी किती खोल आहे, हे चाचपून पाहिल्यावाचून त्यांनी कोणालाही पलीकडे नेले नाही. पदक गळ्यात घालणाऱ्याने काठीही विसरू नये.

शर्यतीच्या जगाने ही काठी फार मोठी किंमत मोजून मिळविली आहे. पूर्वी चालक उघड्या बैठकीत बसत. बोट उलटली की बाहेर फेकले जात आणि पाण्यावर आपटून मरत. १९८४ च्या हंगामातील मृत्यूंनी सारे हादरले. तेव्हा ख्रिस हॉजेस या इंग्रज नावकाराने चालकाभोवती बसविण्याची भक्कम पेटी तयार केली आणि बोटीचे तुकडे झाले तरी आतला माणूस वाचू लागला. आज बोट उलटली असता पट्टे सोडून बाहेर कसे यावे, याची परीक्षा दिल्याशिवाय चालकाला पाण्यात उतरू देत नाहीत. पाणबुडे आणि डॉक्टर तयार असल्याविना शर्यत सुरू होत नाही. चालक बोटीबाहेर फेकला गेलाच, तर त्याच्या अंगाला बांधलेल्या दोरीचा हिसका बसून इंजिन तत्क्षणी बंद पडते. यातील एकेका नियमामागे एकेक विधवा आणि एकेक पोरके घर आहे.

आता आपल्या कृष्णेकडे वळू. विजयवाड्याहून शेकडो कोस वर, सांगलीच्या घाटावर, वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. काठावर गर्दी, होडीत ताल धरून वल्हे मारणारी तरणी पोरे, आणि आपल्या गावची होडी पुढे निघाली की उसळणारा जल्लोष! त्या नदीचा आणि त्या माणसांचा स्नेह जुना आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये हीच कृष्णा रौद्र झाली. सांगली, कोल्हापूर, चिकोडी, निपाणी, बेळगाव असा सारा मुलूख पाण्याने वेढला गेला; मार्कंडेयानेही काठची शिवारे गिळली. त्या दिवसांत राष्ट्रीय आपत्ती दलाचे आणि सैन्याचे जवान रबरी बोटींना इंजिने लावून गल्लीबोळांतून फिरले आणि माळ्यांवरून, छपरांवरून माणसे उतरवून घेऊन गेले. सहा महिन्यांपूर्वी गुणदलाहून परतताना आम्हांस मोटारबोट ही श्रीमंतांची हौस वाटली होती. त्या पुरात ती संत क्रिस्तोफरांचा खांदा झालेली आम्ही पाहिली.

परंतु त्याच पुरात, ८ ऑगस्ट रोजी, कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरील ब्रह्मनाळ गावी माणसांनी खचाखच भरलेली एक बोट उलटली. जीव वाचविण्यासाठी निघालेली कितीतरी माणसे, त्यांत बायका आणि तान्ही मुलेसुद्धा, पाण्याने ओढून नेली. त्या दुर्दैवी जीवांना दोष देणे हे पाप होईल. घरात गळ्याइतके पाणी आले असता बोट मोजून कोण चढणार? पण आपण जे काठावर सुरक्षित आहोत, त्यांनी या दोन चित्रांकडे एकत्र पाहिलेच पाहिजे. कृष्णेच्या खालच्या अंगाला एकेका खेळाडूच्या जिवासाठी पाणबुडे, डॉक्टर, पेटी, दोरी. आणि वरच्या अंगाला घरातली सारी माणसे घेऊन निघालेल्या बोटीत अंगावर साधे लाइफ जॅकेट नाही. यंत्राचा वेग आपण घेतला. त्या वेगाने शिकविलेले शहाणपण मात्र घ्यावयाचे राहून गेले.

म्हणून आमची कुटुंबांना विनंती आहे. गोव्यास फेस्ताला किंवा सहलीला गेलात आणि मुलांनी बोटीत बसण्याचा हट्ट धरला, तर जरूर बसवा. पाण्याचा आनंद ही देवाचीच देणगी आहे. पण आधी बोटीत किती माणसे बसावयाची ते विचारा. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे ना आणि त्याचे पट्टे बांधले आहेत ना, ते स्वतः हात लावून पाहा. नसेल तर खाली उतरा. पैसे बुडाले तरी चालतील. नदीकाठच्या गावांत पावसाळ्यापूर्वी होडी, दोर आणि जॅकेटे तपासून ठेवण्याचे काम तरुणांच्या मंडळांनी अंगावर घ्यावे. ‘देव तारील’ म्हणून भरल्या होडीत आणखी एक पाय ठेवणे ही श्रद्धा नव्हे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह सैतानाने घातला, तेव्हा खुद्द प्रभू येशूने देवाची परीक्षा पाहण्याचे नाकारले होते.

संत पौल यांनी ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे. त्या शर्यतीत पहिला कोण आला याची नोंद नाही. शेवटपर्यंत पोहोचणे हीच जीत. पुढील पावसाळ्यात मार्कंडेय पुन्हा भरून येईल, कृष्णेला पुन्हा उधाण येईल. त्या वेळी आमच्या प्रत्येक होडीत बसलेला प्रत्येक जीव पलीकडच्या काठाला पोहोचो, एवढेच मागणे आम्ही गुणदला मातेच्या आणि संत क्रिस्तोफरांच्या मध्यस्थीने प्रभूपाशी करतो.