सूड आणि श्रमनिद्रा

प्रेम आणि सूड या दोन सूत्रांवर उभी राहिलेली आणि सरंजामशाही जपानचे वातावरण उसने घेणारी महाअद्भुतकथा आज जगभर वाचली जाते. लिअन हर्न या टोपणनावाने लिहिणाऱ्या जिलियन रुबिनस्टाइन यांची २००२ मधील ‘अक्रॉस द नाईटिंगेल फ्लोअर’ ही कादंबरी तिचे ठळक उदाहरण होय. हत्या निषिद्ध मानणाऱ्या पंथात वाढलेल्या तिच्या नायकाला सुडाच्या वाटेवर जावे लागते, आणि या अंतर्विरोधामुळेच त्या कथेला खोली येते.

सुडाच्या या कल्पनेची मुळे जपानच्या इतिहासात आहेत. दाइम्यो म्हणजे प्रांताधिपती सरदार, त्याच्या पदरचा योद्धा तो सामुराई आणि धनी गमावलेला सामुराई तो रोनिन. आको संस्थानच्या ४७ रोनिनांनी आपल्या धन्यासाठी १७०३ मध्ये घेतलेला सूड १७४८ मध्ये बाहुलीनाट्याच्या रूपाने रंगभूमीवर आला. वडीलधाऱ्याच्या मारेकऱ्याला ठार करण्याची तेथील रीतसर प्रथा, म्हणजे ‘काताकिउची’, १८७३ मध्ये कायद्याने बंद झाली. त्याहून जुनी परंपरा अंध गायकांची आहे: ११८० ते ११८५ या काळात मिनामोतो आणि ताइरा घराण्यांत झालेल्या युद्धाची कथा ते बिवा नावाच्या तंतुवाद्यावर गात, आणि त्या गायनामागे जिंकणाऱ्यांच्या गौरवाइतकीच मृतांच्या अतृप्त आत्म्यांना शांत करण्याची श्रद्धा होती.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी ज्यांचे दैवत आहे, त्या कदमराई गोंधळ्यांची परंपरा या गायकांच्या फार जवळची आहे. गोंधळ हा कुळाचाराचा, विशेषतः लग्नानंतरचा रात्रभराचा विधी असून, त्याच्या पूर्वरंगात चौक मांडून, दिवटी पेटवून देवदेवतांना आवाहन केले जाते आणि उत्तररंगात संबळ व तुणतुण्याच्या साथीने आख्यान, म्हणजे गाऊन आणि संवादांतून सांगितलेली दीर्घ कथा, रंगते. जांभूळ आख्यानात द्रौपदीला कर्णाविषयीची मनातील ओढ कबूल करावी लागते, तर माहूरच्या रेणुकेच्या कथेत सहस्रार्जुनाच्या घराण्याने केलेल्या पितृहत्येमुळे परशुराम एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करतो आणि अखेर जिंकलेली सगळी भूमी कश्यपाला दान देऊन मोकळा होतो.

तुळजापूरच्या स्थलकथेतही हीच घडण आहे. कर्दम ऋषींच्या निधनानंतर सहगमन करू पाहणारी त्यांची पत्नी अनुभूती तान्ह्या बाळासाठी मागे राहते आणि तपाला बसते. कुकर दैत्य तिचा तपोभंग करू लागतो तेव्हा देवी त्वरेने धावून येऊन त्याचा वध करते, आणि त्या ‘त्वरिता’ नावापासून ‘तुळजा’ हे नाव आले, असे परंपरा सांगते. मात्र कथा वधापाशी थांबत नाही. विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर देवीची चल, म्हणजे जागेवरून हलवता येणारी, मूर्ती सिंहासनावरून पलंगावर निजवली जाते आणि कोजागरी पौर्णिमेपर्यंत ती तेथेच असते; दैत्यांशी लढून थकलेल्या देवीची ही श्रमनिद्रा मानली जाते.

बिवावादकाचे सांत्वन, परशुरामाचे दान आणि भवानीची झोप ही एकाच जाणिवेची तीन रूपे आहेत: सूड कितीही न्याय्य असला तरी तो घेणाऱ्याला थकवतो आणि त्या थकव्याला विसावा मिळेपर्यंत कथा पुरी होत नाही. मराठीत स्वतःची महाअद्भुतकथा लिहू पाहणाऱ्यांनी जपानच्या गढ्यांइतकेच तुळजापूरच्या या पलंगाकडेही पाहावे आणि जवळपास कुठे गोंधळ असेल तेथे संपूर्ण आख्यान पहाटेपर्यंत बसून ऐकावे.